छप्पर, अग्नि आणि ओल : कौटिलीय अग्निप्रतीकाराचें एक फेरपरीक्षण

(१)

हस्तलिखितांच्या अखेरीस लेखकांनीं घातलेले रक्षणश्लोक ज्यांनीं पुष्कळ वाचले असतील, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. सर्वांत अधिक आढळणाऱ्या श्लोकांत पोथी स्वमुखानें तेल, पाणी, शिथिल बंधन आणि मूर्खाचा हात या चार आपत्तींपासून रक्षण मागते. अग्नीचें नांव त्यांत नाहीं. दुसरा एक श्लोक जैन पोथ्यांत वारंवार दिसतो. त्यांत पाणी आणि अग्नि हे दोन शत्रु एकाच समासांत शेजारीं बसविलेले असून चोर आणि उंदीर हे त्यांच्या मागून येतात. पहिला श्लोक नित्याच्या अनुभवाचें बोलतो. दिव्याचें तेल व भिंतीची ओल हीं पोथीला रोज भेटतात, आग क्वचित् भेटते. दुसरा श्लोक दोघांस समान मान देतो. संग्राहकाचें मन बहुधा या दोन श्लोकांपैकीं एकाकडे झुकलेलें असतें, आणि ज्याचें भय त्याला अधिक, त्याला अनुसरून तो आपल्या घराचें छप्पर दुरुस्त करतो. परंतु एका शत्रूच्या भयानें केलेली तटबंदी दुसऱ्यास आंत घेते काय, हा प्रश्न आपल्या मंडळींत पुरेसा विचारला गेलेला नाहीं. तो येथें विचारावयाचा आहे.

निमित्त सांगणें अवश्य आहे, कारण त्यांत प्रस्तुत लेखकाचा दोष आहे. कांहीं वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं एका स्नेह्यांच्या वाड्यांत माळ्यावरील विजेच्या तारेची ठिणगी उडून एक वासा काळवंडला. आग लागली नाहीं; पण माळ्यावर घराण्याचे सुमारें चाळीस रुमाल होते, त्यामुळें सर्वजण भ्याले. स्नेह्यांनीं पत्रानें सल्ला विचारला. प्रस्तुत लेखकानें मोठ्या आत्मविश्वासानें कौटिलीय अर्थशास्त्रांतील अग्निप्रतीकाराचें प्रकरण दाखवून उत्तर लिहिलें कीं, प्राचीनांनीं नगररक्षणांत अग्निभयाचा एवढा विस्तारानें विचार केला आहे. तरी छपराच्या आंतील सर्व उघडें लांकूड झांकून घ्यावें व ठिणगीला वाट राहूं नये अशा रीतीनें सर्व फटी बुजवाव्या. त्याप्रमाणें झालें. वाशांखालीं जिप्समच्या फळ्यांचें अखंड छत बसलें, कौलांखालीं डांबरी कागद आला, वळचणीच्या फटी सिमेंटनें भरल्या, धुराडें बंद झालें. तीन पावसाळे गेल्यावर छताचा एक भाग फुगून खालीं आला, तेव्हां वर चढून पाहिलें. भिंतीवर टेकलेलीं वाशांचीं टोकें हाताच्या नखानें उकरतां येत होतीं. अकरा रुमालांतील कागद एकमेकांस चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. त्यांत वतनाच्या तंट्याचे कागद होते असें घरच्यांस स्मरतें. यादी कोणीच केली नव्हती. जो कागद आगीनें नेला नाहीं, तो आमच्या सल्ल्यानें नेला.

त्यानंतर तें प्रकरण पुन्हां वाचलें. पुढील परीक्षण हें त्या दुसऱ्या वाचनाचें फळ आहे.

(२)

अर्थशास्त्राचा मूलग्रंथ १९०९ सालीं म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांनीं प्रथम छापून प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून त्यांतील नागरिकाचें प्रकरण, म्हणजे दुसऱ्या अधिकरणाचा छत्तिसावा अध्याय, नगरव्यवस्थेच्या प्रत्येक लेखांत उल्लेखिला जातो. त्यांतील अग्निविषयक आज्ञा थोडक्यांत अशा आहेत. ग्रीष्मांत दिवसाच्या मधल्या दोन भागांत घरांत अग्नि पेटवूं नये. पेटविल्यास अष्टमांश पण दंड. स्वयंपाक करणें तर घराबाहेर करावा. पाण्याचीं भांडीं, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, गवत ओढून काढण्याचें साधन, कातड्याची पखाल इत्यादि वस्तु प्रत्येकानें जवळ ठेवाव्या. गवताचीं व चटयांचीं आच्छादनें काढून टाकावीं. अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांस एके ठिकाणीं वसवावें. रस्त्यांवर व चव्हाट्यांवर पाण्याच्या घागरींच्या ओळी असाव्या. आग लागली असतां धांवून न येणाऱ्या घरधन्यास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड. निष्काळजीपणानें आग लागल्यास चोपन्न पण. आणि बुद्ध्या आग लावणाऱ्यास अग्नीनेंच वध.

हें सर्व वाचून आपल्याकडील लेखक सामान्यतः दोन निष्कर्ष काढतात. एक असा कीं, प्राचीनांस अग्निभय इतर सर्व भयांहून मोठें वाटत होतें. दुसरा असा कीं, या प्रकरणांत घरबांधणीचें अग्निशास्त्र आहे. हे दोन्ही निष्कर्ष प्रस्तुत लेखकाचेही होते. दोन्ही चुकीचे आहेत असें आतां म्हणावें लागतें.

प्रथम दुसरा घेऊं. वरील आज्ञांची यादी पुन्हां पाहिली तर त्यांत बांधकामाची आज्ञा एकही नाहीं. वेळ, साधनें, वसति, शेजारधर्म आणि दंड, एवढेंच त्यांत आहे. भिंत कशाची असावी, तुळई किती जाड असावी, माळा बंद असावा कीं उघडा, याविषयीं नागरिकाच्या अध्यायांत अक्षर नाहीं. लांकडाच्या बांधणीविषयीं स्पष्ट मत त्याच अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. पण तें दुर्गाच्या तटाविषयीं आहे. तट लांकडाचा करूं नये, कारण लांकडांत अग्नि दबा धरून राहतो, असा त्याचा आशय आहे. तटाची आज्ञा घरास लावणें हा अतिदेश होय, आणि अतिदेशाला वचन लागतें. तें येथें नाहीं. म्हणून या प्रकरणावरून छपराची रचना ठरविणें म्हणजे राजनीतीच्या वचनांतून शिल्पाचें प्रमाण काढणें होय. आमच्या पत्रांत नेमकें हेंच झालें होतें.

आतां पहिला निष्कर्ष. आज्ञांचा आरंभच ग्रीष्माच्या उल्लेखानें होतो, याकडे वाचकांचें दुर्लक्ष होतें. तृण व कट यांचीं आच्छादनें काढून टाकण्याची आज्ञा त्याच संदर्भांत येते. हीच आच्छादनें वर्षाऋतूंतही नसावीं असें ग्रंथकर्त्याचें मत असेल काय? त्याचें उत्तर त्याच ग्रंथांत, तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांत, गृहवास्तूच्या विवेचनांत आहे. तेथें शेजारच्या दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळें अंतर असावें किंवा एक वळचण दुसरीवर चढवावी असें सांगून, पुढें पावसाच्या बाधेच्या भयानें छपराचा वरचा भाग कटानें झांकावा अशी आज्ञा केली आहे. त्या वाक्यांत छपराच्या भागाचें जें नांव आहे तें दुर्बोध आहे; परंतु कट आणि वर्षाबाध हे दोन शब्द असंदिग्ध आहेत. म्हणजे जो कट नागरिकाच्या अध्यायांत अग्निभयानें काढावयाचा, तोच कट वास्तूच्या अध्यायांत वर्षाभयानें घालावयाचा. एका ग्रंथांत एकाच वस्तूविषयीं विधि आणि निषेध दोन्ही आले असतां मीमांसक काय करतात? विषयभेद दाखवून दोहोंस प्रामाण्य देतात. येथें विषयभेद ऋतूचा आहे. ग्रीष्मांत अग्नि बलवान्, तेव्हां कट उतरवावा. वर्षांत पाणी बलवान्, तेव्हां कट चढवावा. अर्थात् ग्रंथकर्त्याच्या मतें दोन्ही भयें समान आहेत आणि त्यांचा समेट काळाच्या विभागणीनें करावयाचा आहे.

एवढा समेट आज आपल्या उपयोगाचा नाहीं हें खरें. दरवर्षीं उतरविण्याजोगीं छपरें आतां राहिलीं नाहींत. पण त्यांतलें तत्त्व राहतें: एका भयाचा उपाय योजतांना दुसऱ्या भयाचा अध्याय उघडून पाहावा. प्रस्तुत लेखकानें एक अध्याय पाहून पत्र लिहिलें. दुसरा पाहिला असता तर अकरा रुमाल कदाचित् वांचते.

(३)

ऋतूच्या या विभागणीस आपल्या इतिहासांत पुष्टि मिळते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. त्या वाड्याचे लांकडी मजले २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत गेले. ती आग सात दिवस चालली असें सांगतात. आज जें दगडी जोतें व तट आपण पाहतों, तें अग्नीनें न खाल्लेलें शेष होय. बुधवारवाडा मे १८७९ मध्यें जळाला व त्याच वेळीं विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग गेला. त्या आगी मुद्दाम लावलेल्या होत्या, पण लावणाऱ्यास वैशाखाचें साहाय्य होतें. मुंबईच्या किल्ल्यांतील मोठी आग १७ फेब्रुवारी १८०३ ची. चार-दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाहीं हें मान्य आहे. तरी चारही वास्तु माघ ते वैशाख या कोरड्या दिवसांत पडल्या, पावसाळ्यांत एकही नाहीं, ही गोष्ट ग्रीष्म शब्दाचें मोल दाखविते.

मात्र आगीचीं सालें आपण पाठ करतों तशीं ओलीचीं सालें करीत नाहीं. आगीला तारीख असते, ओलीला नसते. जे वाडे आज नाहींत त्यांपैकीं किती आगीनें गेले व किती वाशांचीं टोकें कुजून, तुळया भिंतींतून सुटून, एका आषाढांत बसले, याची गणना बखरींत किंवा गॅझेटिअरांत मिळणार नाहीं. इतिहाससाधनांच्या या पक्षपातामुळें आपल्या मनांत अग्नीचें भय फुगतें. साधनांचा मुकेपणा म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हा नियम आपण राजकीय इतिहासांत पाळतों. वास्तूच्या इतिहासांतही पाळला पाहिजे.

पाटलिपुत्राच्या उत्खननांत या दोन्ही शत्रूंचें काम एके ठिकाणीं पाहावयास मिळतें. कुम्रहार येथें १९१२ नंतर डी. बी. स्पूनर यांनीं खणलें तेव्हां स्तंभांच्या जागीं राख व कोळसा सांपडला. परंतु जवळच जमिनीखालीं सालाच्या लांकडाचीं चौथऱ्यासारखीं बांधकामें जवळजवळ जशींच्या तशीं मिळालीं. हवेंत असलेलें लांकूड जळालें आणि सदैव पाण्यांत बुडालेलें लांकूड टिकलें. लांकूड पूर्ण कोरडें असेल तर कुजत नाहीं, पूर्ण बुडालें असेल तरीही कुजत नाहीं, कारण बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. कुजतें तें मधल्या अवस्थेंतलें. आधुनिक शास्त्र सांगतें कीं, लांकडांतील पाण्याचें वजन त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें पंचमांशाच्या वर दीर्घकाळ राहिलें म्हणजे बुरशीला तें घर होतें. छपराची रचना करणाराला हा पंचमांश ध्यानांत ठेवावा लागतो.

(४)

आपल्या जुन्या गवंड्यांनीं व सुतारांनीं अर्थशास्त्र वाचलें नव्हतें. परंतु त्यांनीं बांधलेलीं छपरें म्हणजे वरील दोन अध्यायांवरील उत्तम भाष्य आहे. देशावरील माळवद घ्या. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच किंवा फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. सर्वांत वर खारट पांढरी माती, कारण ती पाणी आंत झिरपूं देत नाहीं. वरून निखारा पडला तर मातीवर विझतो. खालून ज्वाळा आली तर तिला प्रथम जाड तुळई भेटते. जाड लांकूड जळतांना त्याच्या अंगावर कोळशाचा थर बनतो आणि तो थरच आंतील लांकडाचें कांहीं काळ रक्षण करतो. मिनिटास एक मिलिमीटराहूनही कमी अशा गतीनें ज्वाळा आंत शिरते. म्हणून जुनी तुळई पुष्कळदां आगीनंतरही भार पेलते. आतां ओलीकडे पाहूं. मातीचा थर हवेंतील दमटपणा शोषतो व कोरड्या दिवसांत परत देतो. खालून कड्या व किलच उघडे असतात, त्यामुळें वरून थोडें पाणी झिरपलें तरी तें खालच्या हवेंत वाळून जातें, आणि मुख्य म्हणजे डाग दिसतो. दिसलेल्या दोषाची दुरुस्ती होते. माळवदाचा दोष भाराचा आहे. दरवर्षीं वरून माती घालीत गेलें, खालची काढली नाहीं, म्हणजे तुळया वांकतात. कित्येक माळवदें अशा मायेच्या भारानें बसलीं आहेत.

कोंकणांतील कौलारू घराची युक्ति निराळी. तेथें पाऊस एवढा कीं मातीचें माळवद टिकणार नाहीं. म्हणून उतरतें छप्पर, वासे, रिपा आणि कौलें. पूर्वींचीं नळीचीं कौलें असोत कीं १८६५ पासून मंगळुरास बेसल मिशनच्या कारखान्यांत निघूं लागलेलीं चपटीं कौलें असोत, तीं जळत नाहींत, आणि दोन कौलांच्या मधून हवा खेळते. चुलीचा धूर माळ्यांतून व कौलांच्या फटींतून बाहेर जातो आणि जातांना वासे वाळवीत व किड्यांस दूर ठेवीत जातो. ज्या घरांत चूल विझली त्या घराचे वासे लवकर गेले, हें कोंकणांतील कोणीही वृद्ध सांगेल. मृगापूर्वीं घर शाकारणें हा जो वार्षिक विधि, तो कौटिल्याच्या कट चढविण्याच्या आज्ञेचा सख्खा वंशज म्हणतां येईल.

या दोन्ही रचनांत एक समान तत्त्व आहे. अग्नीला अडविणारा थर निराळा आणि ओल वाळविणारी वाट निराळी. एकानें दुसऱ्याचें काम करावयाचें नाहीं. माळवदांत माती अडविते व खालची उघडी बाजू वाळविते. कौलारू घरांत कौल अडवितें व त्याच्या फटी वाळवितात. आमच्या स्नेह्यांच्या वाड्यांत दोन्ही कामें एकाच बंद पेटीवर सोंपविलीं गेलीं, आणि पेटीनें एकही केलें नाहीं.

(५)

ही भूल केवळ आपली नव्हे. १६६६ च्या आगीनें पोळलेल्या लंडनांत १७०७ च्या कायद्यानें वळचणीच्या लांकडी पट्ट्यांस बंदी झाली व दर्शनी भिंत छपराच्या वर चढविणें आवश्यक ठरलें. हेतु उत्तम होता: पेटलेल्या वळचणींतून आग समोरच्या घरावर उडी घेत असे. पण वळचण गेली तेव्हां छपराचें पाणी रस्त्यावर न पडतां त्या भिंतीच्या मागें दडलेल्या पन्हळींत सांठूं लागलें, आणि ती पन्हळ तुंबली किंवा फुटली म्हणजे पाणी वाशांच्या टोकांत मुरूं लागलें. त्या काळच्या इंग्रजी घरांची दुरुस्ती करणारे आजही प्रथम त्या पन्हळीकडे पाहतात. आगीचा कायदा ओलीचा कारण झाला.

याच्या उलट जपानांतील मातीच्या कोठारांची रचना आहे. दोझो नांवाच्या त्या कोठारांत लांकडी सांगाड्याभोंवतीं, छपरासुद्धां, मातीचा जाड लेप असतो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्या लिंपलेल्या छपराच्या वर दुसरें हलकें लांकडी छप्पर मोकळें ठेवलेलें असतें. त्यास ओकियाने म्हणतात. पाऊस वरचें छप्पर झेलतें, दोहोंमधून वारा वाहतो, माती कोरडी राहते. आणि आग लागली तर वरचें जळून गेलें तरी मातीखालचा ठेवा सुरक्षित राहतो. माळवद आणि कौलारू घर यांचा हा संगम म्हणावा.

जपानाचीच दुसरी गोष्ट संग्राहकांनीं अवश्य ध्यानीं धरावी. नारा येथील शोसोइन हें आठव्या शतकांतील लांकडी कोठार त्याच्या अक्षत ठेव्यामुळें प्रख्यात आहे. त्याच्या भिंतींचे ओंडके पावसाळ्यांत फुगून फटी बुजवितात व कोरड्या दिवसांत आकसून हवा आंत घेतात, अशी सुंदर कथा पुष्कळ दिवस सांगितली जात असे. पुढें तपासणी झाली तेव्हां ती टिकली नाहीं; छपराच्या भारानें ओंडके तसे उघडत-मिटत नाहींत. ठेवा राखला तो उंच उचललेल्या जमिनीनें, आणि त्याहून अधिक आंतील झांकणाच्या लांकडी पेट्यांनीं. म्हणजे छपरावर सर्व भार न टाकतां त्याच्या आंत आणखी एक आवरण ठेवणें, हें खरें रहस्य. आपल्या घरांतील सागवानी पेटी, तिच्यांत रुमाल, रुमालांत पोथी, ही परंपरा त्याच जातीची होय. आपण रुमाल पेटींतून काढून माळ्यावर रचले, हा आपला दोष.

अलीकडचें मोठें उदाहरण पॅरिसच्या नोत्र दाम मंदिराचें. १५ एप्रिल २०१९ रोजीं त्याचा मध्ययुगीन ओकचा माळा जळाला. धोक्याची सूचना वाजली, पण प्रथम शोध भलत्याच ठिकाणीं झाला, आणि तेवढ्या वेळांत शिशाच्या पत्र्याखालच्या त्या लांकडी अरण्यांत आग हाताबाहेर गेली. डिसेंबर २०२४ मध्यें मंदिर पुन्हां उघडलें. नवें छप्पर पुन्हां ओकचेंच आहे आणि पुन्हां शिशानेंच मढविलें आहे. मात्र माळ्याचे भाग अग्निरोधक आडभिंतींनीं विभागले असून पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडणारी नळयोजना बसविली आहे. ओकचा माळा त्यांनीं भीतीनें टाकला नाहीं. आगीस त्यांत मोकळेपणें धांवतां येऊं नये एवढेंच केलें. हा विवेक आमच्या पत्रांत नव्हता.

(६)

येथें पूर्वपक्ष असा येईल. आगीचा नाश एका रात्रींत व संपूर्ण होतो; ओलीचा नाश हळूहळू होतो व अर्धा कागद तरी वांचवितां येतो. सबब दोहोंत विरोध आला तर अग्नीचाच उपाय आधीं करावा. वरवर पाहतां हें ग्राह्य वाटतें. परंतु त्यांत तीन दोष आहेत. एक, आग संभाव्य आहे आणि आपल्या देशांत पावसाळा निश्चित आहे. निश्चित हानीचें बीज पेरून संभाव्य हानि टाळणें ही काटकसर नव्हे. दोन, ओलीनें कुजलेली तुळई आगीसमोर अधिक लवकर पडते, म्हणून ओलीची उपेक्षा ही अग्नीचीच सेवा ठरते. तीन, आणि हें मुख्य, सर्व फटी बुजविल्यानें अग्नीपासून रक्षण होतें हा सिद्धांतच अपुरा आहे. जिप्समच्या फळ्या स्वतः जळत नाहींत व कांहीं वेळ खालची ज्वाळा अडवितात हें खरें. पण त्या आणि कौलांच्या मध्यें जी बंद पोकळी राहते तींतूनच विजेच्या तारा जातात. ठिणगी तेथें पडली तर ती कोणास दिसत नाहीं, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोकळी अखंड असल्यानें आग तिच्यांतून अदृश्यपणें धांवते. आमच्या स्नेह्यांच्या घरीं ठिणगी वरच पडली होती. आम्हीं खालच्या ज्वाळेचा बंदोबस्त केला. रोग एका अंगीं, लेप दुसऱ्या अंगीं.

उलट बाजूचा पूर्वपक्षही टाळतां येत नाहीं. कांहीं मंडळी म्हणतात कीं, छप्पर जुन्यासारखें सर्वस्वीं उघडें ठेवावें. तेंही पुरें नाहीं. जुन्या घरांत माळ्यावर वीज नव्हती. शिवाय वळचणीच्या उघड्या फटींतून उडता निखारा आंत शिरूं शकतो. ज्या प्रदेशांत वणवे वारंवार येतात, जसें कॅलिफोर्निया, तेथें कित्येक घरें ज्वाळेच्या स्पर्शानें नव्हे तर अशा झरोक्यांतून शिरलेल्या निखाऱ्यांनीं जळतात. म्हणून तेथें झरोके बंद न करतां त्यांवर तीन मिलिमीटरांहून मोठीं छिद्रें नसलेली धातूची जाळी बसवितात. हवा जाते, निखारा अडतो. लहान गोष्ट, पण आमच्या सिमेंटाच्या जागीं ती असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

(७)

सिद्धांत असा निघतो. अडविणारा थर व वाळविणारी वाट यांस पृथक् ठेवावें. माळ्याच्या मजल्यावर लांकडी फळ्यांवर मातीचा किंवा चुन्याचा थर घालावा, म्हणजे खालची आग वर व वरची खालीं जाण्यास वेळ लागेल. मात्र तुळयांचा भार आधीं जाणत्याकडून तपासून घ्यावा. त्या थराच्या वर, कौलांपर्यंत, जागा मोकळी असावी आणि दोन्ही वळचणींस जाळीचे झरोके असावे. माळा लांब असेल तर दर कांहीं खणांगणिक विटांची आडभिंत कौलाला भिडेपर्यंत न्यावी, परंतु प्रत्येक भागास स्वतःचे झरोके द्यावे. नाहींतर आडभिंतीनें आग अडेल व हवाही अडेल. कौलांखालीं डांबरी कागद घालूं नये. विजेच्या तारा धातूच्या नळींतून न्याव्या, आणि शक्य तर माळ्यांतून नेऊंच नयेत. वाशांचीं टोकें जेथें भिंतींत शिरतात तेथें त्यांच्या भोंवतीं सिमेंट न भरतां चुना वापरावा व टोकाजवळ थोडी पोकळी ठेवावी. लांकडावर अग्निरोधक लेप देणें असेल तर लांकूड पूर्ण वाळल्याखेरीज देऊं नये. ओलें लांकूड लेपाखालीं कोंडलें जातें.

आणि रुमालांचें स्थान माळा नव्हे. चाळीस वर्षें माळ्यावर टिकलें हा माळ्याचा गुण नसून खालच्या चुलीचा होता. चुली गेल्या; माळ्याचें अभय गेलें. कागद मधल्या मजल्यावरील जाड भिंतीच्या खोलींत, बाहेरच्या भिंतीला न लावतां, पायावर उचललेल्या लांकडी पेटींत ठेवावे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ शेंकडा ६५ च्या वर राहिली म्हणजे कागदावर बुरशी धरूं लागते. एक साधें आर्द्रतामापक यंत्र पेटीपाशीं असावें. वर्षांतून दोनदां पाहणी करावी: फाल्गुनांत तारांची व सुक्या कचऱ्याची, भाद्रपदांत वाशांच्या टोकांची व रुमालांची. हे दोन महिने म्हणजे कौटिल्याचे दोन अध्यायच होत.

संग्राहकांस एक विनंति आहे. आपण पोथ्यांच्या यादींत लिपि, पत्रसंख्या, लेखनकाल हें सर्व नोंदतों. पोथी कोणत्या जागीं, कोणत्या छपराखालीं सांपडली हें नोंदीत नाहीं. यापुढें एक रकाना त्यासाठीं ठेवावा: माळा कीं तळघर, माळवद कीं कौल, फटी उघड्या कीं बुजविलेल्या, चूल पेटती कीं विझलेली. पन्नास घरांच्या अशा नोंदी जमल्या तर आगीच्या तारखांसारखा ओलीचाही इतिहास लिहितां येईल, आणि पुढच्या पिढीस कोणाच्या पत्रांतील आत्मविश्वासावर विसंबावें लागणार नाहीं.

स्नेह्यांच्या वाड्याचें छत आतां उतरविलें आहे. उरलेले एकोणतीस रुमाल खालीं आले असून त्यांची यादी चालू आहे. अकरा विटांपैकीं दोन विटांचीं पानें वाफेनें सावकाश सुटत आहेत. पहिल्या पानावर शकाचा आंकडा व कुलकर्ण्याची निशाणी एवढें वाचतां आलें. बाकीचें वाचतां येईल तेव्हां येथेंच सादर करूं. तोंवर प्रस्तुत लेखकाचें जुनें पत्र त्या रुमालांतच बांधून ठेवावें, अशी विनंति स्नेह्यांस केली आहे. चुकीच्या पाठालाही पोथींत जागा असते, परंतु त्याच्या शेजारीं शुद्ध पाठ लिहिलेला असावा लागतो.